पिस्तुलावरचा आळ

ड्युरियनचा मोसम सुरू झाल्याचं मला आमच्या ब्लॉकची लिफ्ट सांगते. जूनमधल्या एखाद्या संध्याकाळी दार उघडतं आणि आतला रिकामा चौकोन त्या वासाने गच्च भरलेला असतो. कुणीतरी नुकतंच पिशवीला गाठीवर गाठी मारून ते काटेरी फळ घरी नेलेलं असतं. कांदा नासावा, त्यावर साय ओतावी आणि वरून व्हॅनिला शिंपडावं, असा काहीतरी तो वास. ह्या बेटशहरातल्या बिशानमध्ये नवीन राहायला आलो तेव्हा ह्या दिवसांत मी जिन्याने चढायचो. आता लिफ्टमध्ये शिरलो की छाती भरून श्वास घेतो. शेजारीण माझ्याकडे संशयाने बघते. तिला काय सांगणार? मला त्या वासात बंदुकीच्या दारूचा वास येतो, पिस्तुलाला घालायच्या तेलाचा येतो, आणि माझ्या बायकोच्या ओल्या कणकेच्या हातांचा येतो. एका मोसमात हे सगळे वास असे मिसळले की आता सुटे होत नाहीत.

मी फारसं बोलणारा माणूस नाही. नीला, माझी बायको, म्हणते की शिरीषकडून वाक्य काढायचं म्हणजे थिजलेल्या मधाची बाटली उलटी धरून बसायचं. तर आज बाटली मीच उलटी धरली आहे. आमच्याकडे एक पिस्तूल आहे. नवीन होतं तेव्हा मी त्याच्यावर आळ घेतला, तो खोटा आहे हे पक्कं ठाऊक असताना घेतला, आणि मोसमभर निभावला. त्याची टोचणी अजून गेलेली नाही. तरीही त्या मोसमाचे माझ्यावर जेवढे उपकार आहेत, तेवढे दुसऱ्या कशाचेच नाहीत.

पिस्तूल म्हटलं की पुण्याची मंडळी दचकतात. माझ्या बहिणीने फोनवर विचारलं होतं, "अरे शिऱ्या, तुम्ही दोघं ठीक आहात ना? घरात ठेवता ते?" घरात कसलं ठेवतोय. इथे एक काडतूस जरी खिशात राहिलं तरी आयुष्य उलटंपालटं होईल. नीलाचं पिस्तूल म्हणजे खेळाचं, कागदी निशाणावर नेम धरायचं, बारीक पॉइंट टू-टू गोळीचं. पोलिसांचा परवाना काढायचा, क्लबच्या कुलूपबंद खोलीतून ते सहीनिशी घ्यायचं, रेंजवर नेमबाजी करायची आणि पुसून परत द्यायचं. पाळणाघरात ठेवलेल्या लेकरासारखं. संध्याकाळी निघताना नीलाचा पाय तिथून निघत नसे.

ती कॉलेजात एनसीसीत रायफल चालवायची. लग्नानंतर ते सुटलं. इथे आलो तेव्हा माझ्या नोकरीच्या पासवर ती नुसती 'अवलंबून असलेली' म्हणून आली. नोकरी नाही, ओळख नाही, मुलगी लहान. मग कधीतरी बेटाच्या पश्चिम टोकाला असलेल्या एका नेमबाजीच्या क्लबचा पत्ता तिने शोधून काढला आणि तिथे क्लबचीच जुनी, कैक हातांनी गुळगुळीत झालेली पिस्तुलं चालवत राहिली. चाळिशी संपता संपता, पीआर, म्हणजे इथे कायम राहायचा परवाना, मिळाल्यावर तिने स्वतःचं पिस्तूल मागवलं. अर्धस्वयंचलित. म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. गोळी सुटते, तिच्याच धक्क्याने वरचा लोखंडी भाग मागे सरकतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकतो, आणि स्प्रिंगच्या जोराने पुढे येताना नवी गोळी नळीत ढकलतो. चालवणाऱ्याने फक्त चाप ओढायचा. बाकीचं धक्का करतो.

ते आलं तेव्हा नीलाने डबा उघडून नुसतं बघितलं. हात लावला नाही. अक्रोडाच्या लाकडाची मूठ, तिच्या पंजाच्या मापाने कोरून घेतलेली. "बाळाचा हात धरतात तसं धरावंसं वाटतंय," ती म्हणाली. त्या वर्षअखेरीस क्लबचा महिला संघ निवडायचा होता आणि ह्या खेपेला तिचं नाव पहिल्या चारांत धरलं जात होतं. जन्मात पहिल्यांदा.

नवं पिस्तूल लगेच सामन्याला न्यायचं नसतं. ते आधी रुळवावं लागतं. स्प्रिंग कडक असते, लोखंडाला लोखंडाची सवय नसते, कुठल्या कारखान्याची गोळी त्याला मानवते ते कळायचं असतं. हे ऐकल्यावर माझ्या अंगात काय संचारलं विचारू नका. कारण माझा धंदाच हा. मी चिप बनवणाऱ्या कंपनीत भरवशाच्या चाचण्या घेतो. नव्याकोऱ्या चिपा भट्टीत घालून तापवायच्या, जादा वीज द्यायची, आणि ज्या पुढे दगा देणार आहेत त्यांना आताच द्यायला लावायचा. वर्षानुवर्षं मी हेच करत आलो. घरात कशातच फारसा भाग न घेणारा नवरा एकदम उत्साहाने पुढे सरसावला.

"मी घेतो ह्याची चाचणी," मी म्हणालो.

"तू?" नीला हसली. "लग्नाआधी माझी का नाही घेतलीस?"

"घेतली होती. तू पास झालीस."

"आणि तुझी कोणी घेतली?"

मी डब्यातलं माहितीपत्रक वाचायला घेतलं. 

मग दर शनिवारी आम्ही दोघं. एमआरटी म्हणजे इथली मेट्रो, मग बस, मग झाडांमधून जाणारा तापलेला रस्ता. मी नावापुरता क्लबचा सभासद झालो होतो, सुरक्षिततेची परीक्षाही दिली होती, पण माझं काम मागच्या बाकावर बसून मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची नळकांडी, भरण्याचं. नीलाच्या नेलपॉलिशने मी मॅगझिनवर ठिपके दिले, एकावर लाल, एकावर गुलाबी, एक कोरं, म्हणजे दोष एखाद्या मॅगझिनचा असेल तर पकडता येईल. नियम माझाच: पिस्तूल एकदा जरी अडकलं तरी न अडकता सुटलेल्या गोळ्यांची मोजणी पुसायची आणि पहिल्यापासून सुरुवात.

मिस्टर टॅन म्हणून रेंजवरचे एक वयस्कर अधिकारी होते. गळ्यात शिट्टी, कानावर नेहमी एकच बाजू सरकवलेलं इअरमफ. ते येऊन माझे ठिपके बघायचे आणि नीलाला विचारायचे, "युवर हजबंड टेस्टिंग रॉकेट, इज इट?"

"रॉकेट बेटर, अंकल," ती म्हणायची. "रॉकेट ओन्ली वन टाइम गो."

सुरुवातीला ते अडकायचं, आणि आम्हाला त्याचं काही वाटत नव्हतं. नवीन आहे. गोळीमागून गोळी जायची आणि मध्येच एक रिकामी पुंगळी बाहेर पडायच्या ऐवजी झाकणात चिमटलेल्या बोटासारखी उभी राहायची. नीला पिस्तूल खाली ठेवायची. मी गोळ्यांचा डबा बदलायचो. तेल घालायचो. "न्यू गन मा," टॅन इथल्या ढंगात शेपटाला 'मा' लावून म्हणायचे. "गिव्ह टाइम." पावसाळी ढग पश्चिमेला साचायचे, शेडच्या पत्र्यावरून उन्हाच्या वाफा निघायच्या, आणि सिमेंटवर पडणाऱ्या पुंगळ्यांचा आवाज व्हायचा, बांगड्या काढून ताटलीत ठेवाव्यात तसा. किती सुखाचे शनिवार होते ते. मला वाटतं लग्नानंतर इतका वेळ सलग आम्ही कधी शेजारी शेजारी बसलोच नव्हतो.

परतताना बिशानला उतरलो की आमच्या वाटेवरच्या ब्लॉकखाली ड्युरियनवाला मांडव टाकून बसलेला असे. एमआरटीत ते फळ न्यायला बंदी, म्हणून लोक तिथेच उभ्याने खायचे. आमची ऋता तेव्हा ज्युनियर कॉलेजात होती. ती तिथे येऊन थांबायची आणि आम्हाला बघून नाक मुरडायची, "बाबा, यू ऑल स्मेल वर्स दॅन ड्युरियन, लाह." तिच्या नादाने आम्ही पहिल्यांदा ते खाल्लं. पहिला घास मी गिळला तो केवळ पोरीपुढे हार नको म्हणून. दुसरा मागून घेतला.

त्याच मांडवात, पांढऱ्या ट्यूबलाइटखाली, मी ते पाहिलं.

नीलाने हातात पातळ प्लॅस्टिकचा मोजा घातला होता आणि एक पिवळा गर उचलून ऋताच्या तोंडासमोर धरला होता. गर निसटला. तिने हसून दुसरा उचलला, डाव्या हाताने. उजवा हात तसाच उजेडात राहिला, तळवा वर. अंगठ्याच्या मुळाशी जो मांसल उंचवटा असतो, तो नव्हता. तिथे खळगा होता. उथळ, चमचाभर.

असा खळगा मी आधी एकदा पाहिला होता. माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या हातावर. त्यांचं सदऱ्याचं बटण लागेना तेव्हा आम्ही हसलो होतो. पुढे पेन धरता येईना, मग चमचा, मग हात, मग मान. स्नायू एकेक करून विझवत नेणारा आजार. त्याचं नाव आमच्या घरात कोणी घेत नाही आणि मी इथेही घेणार नाही. अण्णा शेवटी फक्त डोळ्यांनी बोलायचे.

मांडवातून घरी जाताना मी नीलाच्या उजव्या बाजूने चालत होतो हे मला आठवतं. आणि गेल्या काही आठवड्यांतल्या गोष्टी एकामागून एक येऊन उभ्या राहिल्या. लोणच्याची बरणी तिने माझ्यासमोर ठेवली होती, "झाकण घट्ट बसलंय रे." किल्ली फिरवायला ऋताला सांगितलं होतं. पहाटे उठून ती हात झटकत बसायची. कणीक मळायचं यंत्र तिने अचानक आणलं होतं. हयातभर ज्या बाईने असल्या यंत्रांना नाक मुरडलं तिने. मी बरणी उघडून दिली होती आणि म्हणालो होतो, हो, फारच घट्ट आहे.

पुढच्या शनिवारी पिस्तूल तिच्या हातात पुन्हा पुन्हा अडकलं. ती पाणी प्यायला आत गेली. मी बाकावरून उठलो, टॅनना हात करून परवानगी घेतली आणि तिच्या जागी उभा राहिलो. लाकडी मूठ माझ्या हाताला लहान होती. लाल ठिपक्याचं मॅगझिन लावलं. गेलं. गुलाबी. गेलं. कोरं. गेलं. ज्या गोळ्यांनी सकाळपासून छळलं होतं त्याच गोळ्या, तेच तेल, तीच स्प्रिंग. पुंगळ्या एका रेषेत उजवीकडे उडत होत्या, आनंदाने उड्या माराव्यात तशा. पिस्तुलात काहीही दोष नव्हता.

धक्का झेलणारं मनगट पक्कं नसेल तर सगळं पिस्तूलच मागे येतं, वरचा भाग पुरता सरकत नाही, आणि पुंगळी दारात अडकते. हे मला पुस्तकातून माहीत होतं. माझ्या सगळ्या चाचणीत मी गोळ्या बदलल्या, मॅगझिन बदललं, तेल बदललं. चालवणाऱ्या हाताबद्दल मात्र धरून चाललो होतो, की तो काल होता तसाच आज असणार. आमच्या धंद्यातली ही सवयच आहे. भट्टीत घातलेल्या वस्तूवर शंका घ्यायची, भट्टीवर नाही.

नीला परत आली. "चालवून बघितलंस? चाललं?"

आणि मी म्हणालो, "नाही. माझ्याही हातात अडकलं."

हे ते वाक्य. पिस्तूल टेबलावर अजून गरम होतं.

त्यानंतर मी जे केलं त्याला काय म्हणावं मला कळत नाही. मी विक्रेत्याला रागाचे मेल लिहिले. त्या बिचाऱ्याने माफी मागून नवी स्प्रिंग पाठवली. मी त्याहून मऊ मागितली. ती लावल्यावर नीलाच्या हातात पिस्तूल धडाधड चाललं आणि तिचा चेहरा उजळला. मला वाटलं, बघ, स्प्रिंगच होती. दोनेक शनिवार गेले आणि ते पुन्हा अडकू लागलं. मग आणखी मऊ. तिचा हात एक पायरी उतरला की मी पिस्तुलाला एक पायरी उतरवत होतो. आणि दर वेळी तिला सांगत होतो की हा अमुक कारखाना पूर्वीसारखा राहिला नाही, हल्ली सगळ्यांचाच दर्जा घसरलाय. ती मान डोलवायची. "नशीबच खोटं माझं," म्हणायची, "मला नेमकं तेच पीस आलं."

डॉक्टर हा शब्द मी काढला नाही. का? एकदा तो काढला की पुढचे शब्द आपोआप येतात, हे मी अण्णांच्या वेळी शिकलो होतो. जोवर स्प्रिंग वाईट आहे, तोवर नीला बरी आहे. बस्स, इतकंच. एक शिकलेला माणूस, चाचण्या घेणारा, दर शनिवारी एमआरटीने जाऊन एका लोखंडाच्या तुकड्याला नावं ठेवत होता, कारण ते खरं बोलत होतं.

आणि तरी, हे कबूल करायला मला सगळ्यात जड जातं, ते शनिवार मला आवडत होते. उद्या काय होईल ह्याच्या भीतीने आज इतका लख्ख झाला होता की डोळे दुखावेत. बसमध्ये ती खांद्यावर डोकं टेकायची. तिच्या केसांना दारूचा धूर आणि ड्युरियन. मी तिच्या मांडीवरच्या उजव्या हाताकडे बघायचो आणि तिला कळू नये म्हणून खिडकीबाहेर बघायचो.

मोसम संपत आला. ड्युरियनवाल्याच्या मांडवात फळं कमी आणि रिकाम्या टोपल्या जास्त दिसू लागल्या. एका रविवारी सकाळी मी स्वयंपाकघरात फोनवर विक्रेत्याशी बोलत होतो, आणखी एका स्प्रिंगबद्दल. नीला ओट्याशी कणकेला पाणी लावत होती. यंत्र बंद पडलं होतं म्हणून हाताने.

"ठेव तो फोन," ती म्हणाली.

मी ठेवला.

"पुरे झाल्या स्प्रिंगा, शिरीष."

"ह्या वेळची नक्की—"

"मी काचेमागून बघत होते."

मला आधी कळलंच नाही ती कशाबद्दल बोलते आहे. मग कळलं.

"पाण्याच्या कूलरपाशी उभी होते. तुझ्या हातात ते कसं चालत होतं! एकही अडकली नाही. मी बाहेर आले आणि तू मला सांगितलंस, माझ्याही हातात अडकलं." तिने हात परातीतून काढले नाहीत. "मला इतकं हायसं वाटलं ना रे तेव्हा. तू खोटं बोललास म्हणून. आणि त्याच क्षणी इतकी भीती वाटली, कारण तू खोटं बोललास म्हणजे तुलाही तेच वाटलं होतं."

"तेच म्हणजे?"

"अण्णांच्या सदऱ्याची बटणं कोण लावायचं?"

तीच लावायची. शेवटपर्यंत. त्यांचा अंगठा तिने माझ्यापेक्षा जास्त वेळा हातात धरला होता. माझ्या कितीतरी आधीपासून, त्या मांडवाच्याही आधीपासून, ती रोज आपल्या अंगठ्याचं मूळ चाचपत होती आणि माझ्यापासून लपवत होती, कारण एकदा बापाचं बघितलेल्या माणसाला पुन्हा ते बघायला लावायचं नाही असं तिने ठरवलं होतं. मी तिला वाचवत होतो, ती मला. आणि दोघांच्या मध्ये ते पिस्तूल, मुकाट, सगळ्या शिव्या खात.

"मग बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"तू का नाही बोललास?"

मी ओट्याशी गेलो आणि कणकेत हात घातले. आम्ही दोघांनी मिळून ती कणीक मळली. इतकी मळली की पोळ्या चामड्यासारख्या झाल्या. ऋता उठून आली, आमच्याकडे बघितलं, म्हणाली, "व्हाय यू बोथ क्रायिंग इन द डो?" आणि मग काही न विचारता तीही येऊन आम्हाला चिकटली. पोर शहाणी आहे.

इस्पितळात नीलाच्या हाताला बारीक सुया टोचून वीज सोडली. पडद्यावर रेषा हलत होत्या. मी आयुष्यभर असल्या रेषा वाचल्या, त्या दिवशी एकही वाचता येईना. डॉक्टरीण तरुण होती. तिने सगळं तपासलं, दुसरा हात तपासला, पाय, जीभ, पुन्हा हात, आणि म्हणाली की मनगटापाशी, ज्या अरुंद बोगद्यातून नस हातात जाते, तिथे ती चेपली गेली आहे. कार्पल टनेल.

"अँड?" नीला म्हणाली.

"अँड नथिंग. दॅट्स ऑल."

"दॅट्स ऑल?"

नीला हसायला लागली, मग मी. थांबता येईना. डॉक्टरणीच्या कपाळावर आठी पडली. "मॅडम, इट इज व्हेरी सीव्हियर, यू नो. मसल इज ऑलरेडी गॉन. व्हाय यू ऑल वेट सो लाँग?"

हसू तिथेच थांबलं.

लवकर आलो असतो तर अंगठ्याचं मांस वाचलं असतं. आमच्या गप्प बसण्याची ही किंमत, आणि ती माझ्या नाही, तिच्या हाताने भरली. शस्त्रक्रिया अगदी लहानशी झाली, तळव्यावर एक रेघ. बोटांचा बधिरपणा गेला, पहाटे ती शांत झोपू लागली. पण निवड ज्या दिवशी झाली त्या दिवशी तिच्या हातात बँडेज होतं आणि आम्ही बाकावर बसून दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवल्या. खळगा पूर्ण भरला नाही. अजून नाही. बरण्या अजून मीच उघडतो, आणि आता खरं सांगतो, झाकण सैल होतं.

ह्याबद्दल तिने मला एकदाही टोमणा मारलेला नाही. एरवी टोमण्यांत ती काटकसर करत नाही. एकदा मीच विषय काढला, की मी त्याच दिवशी बोललो असतो तर. तिने पेपरातून मान वर केली. "मीही बोलले असते तर. असतेअसते लावत बसलास तर अंगठा भरणारे का? चहा टाक."

मी टाकला.

बँडेज सुटल्यावर आम्ही पिस्तुलाला त्याची मूळची कडक स्प्रिंग परत लावली. टॅननी विचारलं, "सो? रॉकेट ओके?" नीला म्हणाली, "रॉकेट ऑलवेज ओके, अंकल. पायलट प्रॉब्लेम." ते इतके हसले की इअरमफ खाली पडलं. मग तिने हात उचलला. मी मॅगझिनवर ठिपके पुन्हा दिले नव्हते, काहीच मोजत नव्हतो. मी फक्त तिच्या मनगटाकडे बघत होतो. पहिली गोळी. पुंगळी उडाली आणि बाजूच्या फळीवर टणकन आपटली. पुढची. त्यापुढची. मध्ये मनगट ढिलं पडलं, एक अडकली. तिने काढली, मान हलवली, पुन्हा उचलला. दर शनिवारी एक एक पुंगळी जास्त. पिस्तूल केव्हाच रुळलं होतं, आता हात रुळायचा होता, आणि ते गरीब यंत्र तिची वाट बघत थांबलं होतं, आपल्यावर घेतलेल्या आळाची कसलीही अढी न धरता.

हल्ली मला उगाचच आभार मानावेसे वाटतात. स्प्रिंगचे, अरुंद बोगद्याचे, त्या चिडलेल्या डॉक्टरणीचे. भल्या पहाटे जाग येते, शेजारी नीला उजवा हात उशीखाली खुपसून घोरत असते, आणि मला हात झटकल्याचा आवाज येत नाही. न येणाऱ्या आवाजाबद्दल कृतज्ञ व्हायला मी पन्नाशीत शिकलो. अण्णांची आठवण आता पूर्वीसारखी अंगावर येत नाही. मी ऋताला त्यांच्याबद्दल सांगू लागलो आहे, त्यांच्या आजाराचंसुद्धा. ती ऐकते. मध्येच म्हणते, "बाबा, यू आर टॉकिंग सो मच, आर यू ओके?"

नीला संघात कधीच आली नाही. दोनदा राखीव म्हणून नाव लागलं. पण क्लबच्या लहानमोठ्या सामन्यांत ती असते, आणि गेल्या शनिवारीही होती. लिफ्टमधून वास यायला लागून आठवडाही झाला नव्हता. मी प्रेक्षकांच्या बाकावर, आवाज ऐकू येईल पण तोंड दिसणार नाही अशा जागी. तिची फेरी चांगली चालली होती. आणि मध्येच तिचं पिस्तूल थांबलं.

सामन्यात असं झालं तर स्वतः काही करायचं नसतं. पिस्तूल निशाणाच्याच दिशेने धरायचं आणि मोकळा हात वर करायचा. मग अधिकारी येऊन ठरवतो की चूक यंत्राची की माणसाची. यंत्राची असेल तर फेरी पुन्हा मिळते, माणसाची असेल तर उरलेल्या गोळ्या गेल्या. नीलाने डावा हात वर केला. उजवा पुढे ताणलेला, आणि माझी नजर सोडून माझ्यातलं काहीच तिथे पोचू शकत नव्हतं. मी तिच्या पाठीकडे बघत होतो. मनगट हललं होतं का? मला आठवेना.  पुन्हा तोच हात असेल? दुसरी नस? की अण्णांचंच दुखणं आधीपासून खरं होतं आणि आम्हाला फक्त सवलत मिळाली होती?

टॅन आले. आता त्यांचे केस पूर्ण पांढरे झाले आहेत. त्यांनी तिच्या हातातून पिस्तूल घेतलं, गोळी काढली, वरचा भाग स्वतःच्या हाताने मागे ओढून सोडला. तो अर्ध्यावरच रेंगाळला. पुन्हा ओढला. पुन्हा रेंगाळला. इतक्या वर्षांच्या शनिवारांनी ती स्प्रिंग दमली होती. त्यांनी मान हलवून काहीतरी म्हटलं आणि फेरी पुन्हा दिली.

नीला वळली. क्लबचं पिस्तूल घ्यायला आत जायचं होतं, पण ती आधी माझ्या बाकापाशी आली. इअरमफ गळ्यात, डोळे भरलेले, आणि पेढे वाटताना लोक ज्या सुरात बोलतात त्या सुरात, सगळ्या रेंजला ऐकू जाईल अशी म्हणाली,

"अरे शिरीष, पिस्तूल बिघडलंय! खरंच बिघडलंय!"